मॉन्स्टर ओळखायला शिकवणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

रोजच्या मॉन्स्टरच्या कोड्यासाठी तुझे आभार मानायचे कधीचे मनात होते. चारचौघांत मानतेय, कारण तू जे शिकवलंस ते डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून कल्पनेने खेळायचा साहसखेळ खेळणाऱ्या कुणाच्याही कामी येईल.

कोडं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रोज या खेळातला एक मॉन्स्टर लपवलेला असतो. आपण एखादं नाव टाकलं की आकार, प्रकार, अलाइनमेंट (स्वभाव चांगला की दुष्ट), आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड), हिट पॉइंट्स (अंगात जीव किती), चॅलेंज रेटिंग (एकूण किती धोकादायक) असे रकाने उघडतात. जुळलं ते हिरवं. आकडा जुळला नाही तर खरा आकडा वर आहे की खाली, ते बाण दाखवतो.

पहिला अंदाज कसा निवडायचा, हे तुझ्याकडून ऐकलं तेव्हाच मला या खेळाची गोडी लागली. चॅलेंज रेटिंग 0 ते 30, म्हणजे मधला आकडा 15, असं कुणालाही वाटेल. पण तू म्हणालीस, मॉन्स्टरांची सगळी गर्दी खाली आहे. 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळाच्या मॉन्स्टरांच्या पुस्तकात, 30 रेटिंगचा तर एकटा टॅरास्क नावाचा महाकाय प्राणी. मध्य काढायचा तर गर्दीचा काढ. तेव्हापासून मी ट्रोलपासून सुरुवात करते. त्याचं रेटिंग 5, त्यामुळे बाण कुठेही वळला तरी हाती काहीतरी लागतंच.

आणि तो आउलबेअरचा दिवस! मी आउलबेअर (अर्धा घुबड, अर्धा अस्वल) टाकलं: लार्ज, मॉन्स्ट्रॉसिटी, अनअलाइन्ड (ना चांगला ना दुष्ट), आर्मर क्लास 13, रेटिंग 3, सगळं हिरवंगार. फक्त हिट पॉइंट्सचा बाण खाली. आउलबेअरचे 59, म्हणजे उत्तर त्याहून नाजूक काहीतरी. मी तुला फोन केला. उत्तर तुला माहीत होतं, तरी तू एवढंच विचारलंस, "अंगात जीव कमी, चिलखतही तेवढंच, आणि तरी रेटिंग 3? मग हा एवढा धोकादायक कशामुळे?" विषामुळे असेल, एवढं सुचलं. तू म्हणालीस, "बरोबर. आणि त्याला गाठणार कसं?" तिथे उलगडलं. जो मनात येईल तेव्हा इथीरिअल प्लेनमध्ये, म्हणजे आपल्या जगाला लागून असलेल्या अदृश्य जगात, सटकतो त्याला गाठणं मुश्कील. फेज स्पायडर! हिट पॉइंट्स फक्त 32.

त्या दिवसापासून आकडे मला निव्वळ आकडे वाटत नाहीत. त्याच 2014 च्या पुस्तकात जेलॅटिनस क्यूबचे (जेलीचा सरकता ठोकळा) हिट पॉइंट्स 84 आणि ट्रोलचेही 84, पण क्यूबचा आर्मर क्लास अवघा 6 आणि रेटिंग 2. वार चुकवायची त्याला गरजच काय? तो पारदर्शक, आणि 10 फुटी बोळात भिंतीला भिंत लावून बसणारा. माणूस आपल्या पायांनीच आत जातो. ट्रोलची जखम मात्र आग किंवा आम्ल लागत नाही तोवर भरत राहते, म्हणून त्याचे 84 कितीतरी महाग पडतात. हे सगळं तू फोनवर, तुझी कामं सांभाळत, मला उलगडून सांगितलंस. वर आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर (धातू गंजवणारा प्राणी) खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांना प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांवरून सुचले, हा किस्साही. तो ऐकल्यापासून आउलबेअरवर माझा विशेष जीव आहे.

याचा फायदा टेबलावरही झाला. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, समोर काहीही आणून ठेवलं तरी मी आधी अंदाज बांधते: हा बुद्धीने वागेल की भुकेने, जाळावा की टाळावा. आमच्या गटातले नवे खेळाडू आता मला विचारतात, आणि मीही तुझ्यासारखीच उत्तराऐवजी प्रश्न देते.

सगळ्यात मोठे आभार मात्र त्याचे, की तू एकदाही उत्तर फोडलं नाहीस. मी कितीही गयावया केली तरी नाही. उद्याही फोडू नकोस. माझं सुटलं की मीच फोन करते, मग अंदाजांची साखळी एकमेकींना वाचून दाखवू.

तुझी,
धाकटी