उपाशी पोपट चावायलाच शिकतो

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की सोलापुरातल्या घरांत पिंजरे येतात आणि त्यांच्यामागोमाग सल्लेही. त्यांतला सर्वांत जुना सल्ला असा : दिवसभर दाणा देऊ नका, संध्याकाळी मुकाट हातावर येईल. घरोघरी पाळले जाणारे छोटे परदेशी पोपट पाहा : बजरिगर जेमतेम ३० ते ४० ग्रॅमचा, कॉकाटील ८० ते १०० ग्रॅमचा. एवढ्याशा देहात साठा कितीसा असणार? बजरिगरला पूर्ण दिवसाचा उपास घडला तर जिवावर बेतू शकते. वाचला तरी तो शिकत नाहीच. भुकेला पक्षी दाण्यावर झडप घालतो, तुमच्या खुणेकडे बघत नाही. झडपेत बोट सापडते, माणूस हात झटकतो आणि 'चावले की हात जातो' एवढा एकच धडा पक्का होतो.

कायद्याचे आधी उरकून घेऊ. शेतशिवारात थव्याने दिसणारा, गळ्यात कंठ असलेला राघू आणि खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, हे दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून ते अनुसूची २ मध्ये आहेत. पाळणे, विकणे, विकत घेणे, सगळेच गुन्हा. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरात राघू असलाच तर गच्चीवरून सोडून देऊ नका. हातावर वाढलेल्या पक्ष्याला शिक्रा ओळखता येत नाही, चारा शोधता येत नाही. वनविभागाला १९२६ वर कळवा. शिकवण्यासाठी परदेशी मूळ असलेले, पिंजऱ्यातच पैदास झालेले पक्षी आहेत : बजरिगर (आपल्या बाजारात यालाच 'लव्हबर्ड' म्हणून खपवतात, खरा लव्हबर्ड वेगळा), कॉकाटील, सन कन्युर. कन्युर 'साइट्स'च्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या) यादीतला असल्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विक्रेता याबद्दल बहुधा बोलत नाही, आपणच विचारावे.

आता मूळ मुद्दा. ताटातले खाणे कमी करायचे नाही, त्यातला फक्त एक पदार्थ बाजूला काढायचा. नवा पक्षी असेल तर आठ-पंधरा दिवस त्याला घर ओळखू द्या. मग सलग तीन दिवस एका वाटीत चार-पाच जिन्नस ठेवा : राळे, सोललेले सूर्यफुलाचे बी, करडई, डाळिंबाचे दाणे, थंडीत असेल तर मीठ न लावलेला हुरडा. तो सर्वांत आधी काय उचलतो ते पाहा. तिन्ही दिवस जे पहिले उचलले, ते रोजच्या वाटीतून काढून टाका आणि यापुढे फक्त शिकवणीत द्या. बहुतेक वेळा सूर्यफूल जिंकते. ते तेलकट असते, म्हणून एका बीचे दोन-तीन तुकडे करावेत. कन्युरलाही अर्धे बी पुरे. घास असा हवा की तीन-चार सेकंदांत संपला पाहिजे. कडक भाकरीचा तुकडा पोपटाला फार आवडतो; पण तो कुरतडत बसतो, चुरा सांडतो आणि तोवर आपण काय केले म्हणून हे मिळाले ते विसरतो. शिवाय भाकरीत मीठ असू शकते. शेंगाचटणी, फरसाण, चहात बुडवलेले बिस्कीट, चॉकलेट यांतले काहीही नको. अॅव्होकाडो तर पोपटाला विषच. साठवणीच्या शेंगदाण्यात बुरशी असू शकते. खात्री नसेल तर तोही टाळा.

शिकवणी दिवसातून दोनदा, सकाळचे ताजे खाणे ठेवण्याआधी आणि दिवस मावळताना. वेळ तीन ते पाच मिनिटे. सहावे मिनिट नको. पक्षी रंगात असतानाच थांबावे म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतःहून दारापाशी येतो. कंटाळून पाठ फिरवेपर्यंत ताणले तर पाठ फिरवली की सुटका होते, हे त्याला कळते.

पहिले दोन दिवस काहीच शिकवायचे नसते, फक्त एका आवाजाला अर्थ द्यायचा असतो. क्लिकर (दाबला की टिक वाजणारी छोटी डबी) मिळाला तर उत्तम, नाही तर बटणाचे बॉलपेन चालते. टिक आणि लगेच, एका सेकंदाच्या आत, दाणा. असे पंधरा-वीस वेळा. बजरिगर दचकत असेल तर पेन रुमालात गुंडाळा. टिक ऐकताच मान तुमच्या हाताकडे वळू लागली की अर्थ पोहोचला. टिकचा उपयोग असा की दाणा चोचीपर्यंत पोहोचायच्या आत पक्षी आणखी चार गोष्टी करून मोकळा होतो. नेमकी कोणती आवडली हे टिक सांगते. म्हणून टिक कृतीच्या क्षणालाच हवी. उशिरा आली तर तुम्ही दुसरेच काही तरी शिकवून बसता.

मग काडी. आइसकांडीची बिनरंगी काडी घ्या, टोकदार नको. दोन दिवस ती पिंजऱ्याबाहेर नुसती पडू द्या. नंतर जाळीबाहेरून चोचीपासून दोन-तीन इंचांवर धरा. काडीकडे पाहिले, टिक, दाणा. मान पुढे केली, टिक, दाणा. चोच लागली, टिक, आणि या वेळी दोन दाणे. काडी पक्ष्याच्या अंगावर नेऊ नये; त्याने काडीकडे यायचे आहे. एका बैठकीत दहा-बारा प्रयत्न पुरतात. बरेच पक्षी पुढे काडी धरून चावत बसतात. त्यात दोष पक्ष्याचा नसून टिकचा : चोच टेकण्याच्या क्षणी वाजायची ती चावा घेतल्यावर वाजली. दोन दिवस थोडी आधी वाजवा, चावणे सुटते. काडी पाहून मागे सरकत असेल तर अंतर दुप्पट करा आणि पुन्हा 'नुसते पाहिले' इथून सुरू करा. या टप्प्यावर घाई करणाऱ्यांचे पुढचे सगळे अडते, कारण पुढचे प्रत्येक काम या काडीनेच होते.

हातावर घेताना बोट पोटात खुपसायची पद्धत आहे, ती सोडा. बोट पायांच्या किंचित वर, छातीखाली, आडवे आणि स्थिर धरा. काडी बोटापलीकडे अशी दाखवा की तिथे पोहोचायला बोटावर पाय ठेवावाच लागेल. एक पाय ठेवला तरी टिक. पाय ठेवण्यापूर्वी पोपट बोटाला चोच लावून पाहतो, फांदी मजबूत आहे ना ते तपासतो. तो चावा नव्हे. नेमके तेव्हाच लोक हात मागे घेतात आणि पक्ष्याच्या लेखी ती फांदी कायमची डळमळीत ठरते. खरोखर चावलाच तर ओरडू नका. आरडाओरडा पोपटाला शिक्षा वाटत नाही, करमणूक वाटते. शांतपणे त्याला खाली ठेवा, दहा सेकंद दुसरीकडे पाहा, मग आधीच्या सोप्या पायरीपासून सुरू करा. किंचाळण्याचेही तेच. किंचाळल्यावर 'गप्प बस' म्हणत कोणी धावत आले, की ती त्याची हाक मारण्याची पद्धत होते.

काडीमागे चालू लागला की गिरकी सोपी. काडी पाव वर्तुळ फिरवा, टिक. दोन-तीन दिवसांनी अर्धे, मग पूर्ण. दहापैकी आठ वेळा पूर्ण फिरू लागला की मगच 'गिरकी' हा शब्द, काडी हलण्याच्या क्षणभर आधी. सुरुवातीपासून पन्नासदा 'गिरकी, गिरकी' म्हटले तर तो शब्द पंख्याच्या आवाजासारखा होतो, ऐकू येतो पण काही सांगत नाही. नंतर काडी दर दोन दिवसांनी थोडी तोडत जा. शेवटी उरते ती बोटाची खूण.

मणी वाटीत टाकणे हे काम उलटे शिकवतात. गिळता येणार नाही एवढा बिनरंगी लाकडी मणी आणि स्टीलची वाटी घ्या. मणी चोचीत दिला की वाटी थेट चोचीखाली धरा. सुटला, टण वाजले, टिक. तो आवाजच पुढे अर्धे काम करतो. दोन दिवस असे झाले की वाटी एक इंच बाजूला. पहिले काही मणी बाहेर पडतील. त्यांना दाणा नाही, रागही नाही. सलग चार चुकले तर वाटी पुन्हा अर्धा इंच जवळ. बहुतेकांची गाडी इथे रुतते, कारण वाटी एका दिवसात वीतभर लांब नेली जाते आणि पोपट मणी भिरकावण्यातच पटाईत होतो.

जत्रेत चिठ्ठी काढणारा पोपट पाहिला तर त्यात भविष्य नाही, हीच साखळी आहे : दार उघडणे, बाहेर येणे, पाकीट ओढणे, दाणा, परत आत. शेवटच्या कृतीपासून मागे मागे जोडत नेलेली. फरक एवढाच की तो बहुधा राघू असतो, म्हणजे मुळात बेकायदा, आणि त्याचे पंख कापलेले असतात.

बोलण्याबद्दल गैरसमज सर्वांत जास्त. जिभेवरची साल काढली की पोपट बोलतो, हा शुद्ध क्रूरपणा आहे. आवाज निघतो तो श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या स्वरयंत्रातून. मिरचीने जीभ सुटते हेही खोटे. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणूनच तो ती चवीने खातो. नर बजरिगर चांगला बोलतो, नर कॉकाटील शीळ उत्तम घालतो, सन कन्युर मात्र जेमतेम आणि घोगरे. कन्युर आणून 'विठ्ठल विठ्ठल'ची वाट पाहणाऱ्यांची निराशाच व्हायची. मोबाइलवर दिवसभर एकच शब्द लावून ठेवण्याचा उपयोग नाही. पोपट सोबत्याकडून शिकतो, डब्याकडून नाही. कुकरची शिट्टी त्याला लवकर येते, कारण ती वाजली की माणसे हमखास उठतात. पूर्व भागात यंत्रमागाशेजारी पिंजरा असेल तर खडखडाटात शब्द ऐकूच येत नाही. पिंजरा आतल्या खोलीत हलवा. घरात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही चालत असतील तर भाषा कोणतीही घ्या, पण एका प्रसंगाला एकच शब्द आणि तो सगळ्यांनी तसाच म्हणायचा. दाणा देताना 'घे', आत येताना 'आलो'.

अमेरिकी शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी आफ्रिकन ग्रे जातीच्या अॅलेक्स या पोपटाला (मृत्यू २००७) सुमारे ५० वस्तूंची नावे, ७ रंग आणि ६ पर्यंतच्या संख्या शिकवल्या. त्यांची रीत घरी जमण्यासारखी आहे. दोन माणसे पक्ष्यासमोर बसतात. एक विचारतो, 'हे काय?' दुसरा म्हणतो, 'मणी', आणि त्याला मणीच मिळतो. चुकीचे म्हटले तर मणी काढून घेतात. पोपट पाहत असतो आणि मध्ये तोंड घालतो. बक्षीस म्हणून दाणा नाही, नाव घेतलेली वस्तूच. शब्दाला अर्थ त्यातूनच चिकटतो. घरातल्या दोन भावंडांना हा खेळ दहा मिनिटांत समजतो, पक्ष्याला काही महिने लागतात.

आपल्या हवामानाचे वेगळे बघावे लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात गेला की शिकवणी सकाळी सातच्या आत. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे म्हणजे उष्णतेचा त्रास. सगळे थांबवून सावलीत ठेवा, अंगावर पाण्याचा हलका फवारा मारा. पिसे झडण्याच्या दिवसांत नव्या पिसांच्या खुंटांना हात लागला तरी दुखते. तेव्हा नवे काही नको. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. दारावरून मिरवणूक जायची असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही सुट्टी द्यावी.

बोलावल्यावर उडत येणे हे शेवटी. आधी एक फुटाची उडी, मग दोन, मग खोलीची रुंदी. आरशावर चादर टाका, खिडक्या बंद करा, स्वयंपाकघराचे दार लावून घ्या. तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने पक्षी मरतो. आणि छताचा पंखा नुसता बंद करून चालत नाही, पाती थांबेपर्यंत पिंजरा उघडायचा नाही. पंख कापणे हा उपाय नव्हे : कापलेला पक्षी उडायला जातो, दगडासारखा खाली येतो आणि छातीचे हाड फोडून घेतो.

किराणा तोलायचा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. रोज सकाळी विष्ठा टाकून झाल्यावर आणि खाण्याआधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. काट्यावर उभे राहणे हाही एक खेळच, काडीने दोन दिवसांत येतो. १०० ग्रॅमच्या कॉकाटीलचे वजन ९५ वर आले तर शिकवणी थांबवा, ९० वर आले तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. पोपट आजार लपवतो, काटा लपवत नाही.

आपले,
काही पक्षीपालक, सोलापूर