वृषणातील प्रथिनांवरचे संशोधन दुर्लक्षित राहू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्करोगावरील नव्या उपचारांच्या बातम्या आवडीने वाचल्या जातात, पुरुष-वंध्यत्व मात्र अजूनही कुजबुजीचाच विषय आहे. वास्तविक या दोन्ही संशोधनांचा धागा वृषणातील प्रथिनांत एकत्र येतो.

शुक्राणू वयात येताना तयार होऊ लागतात. तोवर आपले-परके ओळखण्याची प्रतिकारयंत्रणेची घडण बरीचशी झालेली असल्याने शुक्राणूंवरील प्रथिने तिला परकी वाटू शकतात. म्हणून वृषणातील सर्टोली या आधार-पेशींची घट्ट भिंत त्यांना रक्तापासून दूर ठेवते. इतर अवयवांत निद्रिस्त असलेली या प्रथिनांची काही जनुके कर्करोगात पुन्हा जागी होतात, म्हणून ही प्रथिने उपचाराचे लक्ष्य ठरू शकतात. ब्रसेल्समधील थिएरी बून यांच्या गटाने १९९१ साली मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या पेशींतून असे पहिले जनुक, ‘मेज’ कुळातील, शोधून काढले. त्याच कुळातील मेज-ए४ हे प्रथिन हेरणाऱ्या टी-पेशींच्या (प्रतिकारयंत्रणेतील लढाऊ पेशींच्या) उपचाराला अमेरिकेत २०२४ मध्ये सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मीळ कर्करोगासाठी मंजुरी मिळाली. मात्र मेज-ए३वर रोखलेल्या टी-पेशींनी हृदयाच्या स्नायूतील टिटिन या प्रथिनालाच लक्ष्य समजून दोन रुग्णांचा बळी घेतला होता, हेही अशा बातम्यांत आवर्जून यायला हवे.

वंध्यत्वाच्या बाजूनेही हे ज्ञान तितकेच मोलाचे आहे. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले की ‘इझुमो’ हे एकच प्रथिन नसलेल्या उंदरांचे शुक्राणू दिसायला व पोहायला उत्तम असतात, पण बीजांडाशी एकरूप होऊ शकत नाहीत. पतीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की सारा दोष सुनेच्या माथी मारणाऱ्या घरांनी यावर जरूर विचार करावा, कारण संख्या आणि हालचाल मोजणारी तपासणी ही उणीव दाखवू शकत नाही.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. अनिल सुरी यांच्या गटाला शुक्राणूंच्या अभ्यासातून सापडलेले स्पॅग-९ हे प्रथिन पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले. सुरुवातीला ‘याचा उपयोग काय’ असे विचारून अशा प्रकल्पाचा निधी अडवला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेसारख्या संस्थांतील मूलभूत संशोधनाला तातडीच्या फलिताची अट न घालता सातत्याने निधी मिळावा आणि आपल्या आरोग्य पुरवणीत त्याला नियमित जागा असावी, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक शिक्षिका, पुणे