नवं मशीन नको, जुनंच येतंय

पुणे, रविवार

ती. आई आणि ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं, तुम्हाला पटेल ते करा" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई लगेच मेथीच्या जुडीचा भाव सांगायला लागते. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. मधे मधे स्वतःचं घालू नकोस.

तर, नवा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्डी वाजवायचं मशीन, घ्यायचा नाही, असं ठरलंय. जुनाच दुरुस्त होऊन येतोय. बंड्याशी बोलले, तो आधी रुसला, मग ऐकलं त्यानं. बाबा, तुमच्या पंच्याहत्तरीला काहीतरी मोठं द्यायचं त्याच्या मनात होतं आणि त्यानं निवडलेलं मशीन वाईट नव्हतं, हे मी आधीच सांगते. आपल्याच कंपनीचं, टेक्निक्सचं, एसएल-१५००सी. तेही डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्टा नाही, मोटारच्याच दांड्यावर ताटली. सुईचा बारीक आवाज मोठा करणारी फोनोची सोय आतच, सुईचं कार्ट्रिज बसवून मिळतं आणि ३३, ४५ बरोबर ७८ चाही वेग आहे. आजीच्या त्या जड रेकॉर्डी वाजतील म्हणून मी सुद्धा मोहात पडले होते. २०१० मध्ये कंपनीनं त्यांचं ते गाजलेलं एसएल-१२०० मशीन बनवणं बंद केलं तेव्हा तुम्ही दोन दिवस पेपर धरून बसला होतात. २०१६ मध्ये त्यांनी पुन्हा सुरू केलं, तेव्हापासून बंड्याच्या डोक्यात हे आहे.

मग का नको? बंड्यानं परदेशातून आणलं तर तिथल्या कमी व्होल्टच्या विजेचं, इथं ट्रान्सफॉर्मर लावा. इथून घेतलं तर लाखाच्या वर. पैशाचं बंड्याला काही नाही, पण बाबा, तुम्हाला मी ओळखते. लाखाची वस्तू घरात आली की तुम्ही तिच्यावर टॉवेल घालणार, पाहुणे आले की टॉवेल काढणार. तो इटालियन मिक्सर अजून खोक्यात आहे. आई, हो की नाही?

आणि खरं कारण वेगळंच आहे. त्या नव्या मशीनमध्ये रेकॉर्ड संपली की सुईचा आर्म आपोआप वर उचलला जातो, पण तिथेच राहतो. ताटली फिरतच राहते. उठून बंद करायची तुम्हीच. आपलं जुनं एसएल-डी२ सेमी-ऑटोमॅटिक आहे. बाजू संपली की आर्म स्वतःहून जागेवर जातो आणि मशीन बंद होतं. दुपारी जेवण झाल्यावर बाबा एक बाजू लावतात आणि भीमसेनजींचा विलंबित द्रुतात जायच्या आत घोरायला लागतात, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मामानं मस्कतहून आणलेलं चाळीस वर्षांपूर्वीचं मशीन या बाबतीत लाखाच्या मशीनपेक्षा शहाणं आहे. शिवाय त्याचं प्रत्येक बटण तुमच्या बोटांना अंधारातही सापडतं. लोडशेडिंगच्या काळात तुम्ही ते किती वेळा अंधारात बंद केलंय! वीज आल्यावर मधूनच दचकवायला नको म्हणून.

आता मुख्य गोष्ट. बाबा, हे नीट ऐका.

दिवाळीत तुम्ही म्हणालात, "आता हात थरथरतो, सुई धाडकन पडते, रेकॉर्डी खराब होतात, बंद करून टाकू." आणि खरंच तुम्ही बंद केलं होतंत. आई म्हणाली, गणपतीनंतर एकही रेकॉर्ड लागली नाही. मला ते फार लागलं, पण तेव्हा बोलले नाही, मशीन घेऊन आले. इथे पसोड्या विठोबाजवळच्या बोळात एक काका आहेत, जुनी टेपडेक, अॅम्प्लिफायर उघडून बसलेले. त्यांनी झाकण काढायच्या आधी फक्त लिफ्टचा दांडा वर केला आणि सोडला. आर्म धप्पकन खाली. त्यांचा हात कुठेच नव्हता. पुन्हा केला, पुन्हा धप्प.

त्या दांड्याखाली बारीक नळीत घट्ट सिलिकॉन तेल असतं. त्याच्यामुळे आर्म सावकाश, झुलत झुलत उतरतो. आपलं तेल निघून गेलंय. म्हणजे सुई पडायची ती तेलामुळे, तुमच्या हातामुळे नव्हे. काकांनी उरलंसुरलं पुसून नवं भरलं आणि मला म्हणाले, करून बघा. मी दांडा खाली केला आणि आर्म इतक्या संथपणे उतरला की मी "बाबा बघा" असं मोठ्यानं म्हणाले, बोळातली दोन माणसं वळून बघायला लागली.

हात थरथरतो ते खरंच आहे, ते नाही म्हणत नाही मी. त्याबद्दल पुढे लिहिते. पण सुईचा दोष स्वतःच्या वयावर घेऊ नका. तुमची सवय आहे ती.

बाकी काय काय केलं तेही सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल. पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकले होते, ते बदलले. वेगाच्या दोन्ही पिच नॉबमध्ये कचरा होता, म्हणून वेग कधी मागे कधी पुढे जायचा, ते साफ केले. बेअरिंगला थेंबभर तेल. मोटारला काही झालेलं नाही. काका म्हणाले, ही मोटार माझ्यानंतरही चालेल. सुई मात्र पार झिजली होती. नवं कार्ट्रिज घेतलं, ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम ९५ ई. त्याची सुई हिरव्या रंगाची आहे, बोटानं ओढली की निघते आणि नवी तशीच बसते, म्हणजे पुढच्या वेळी माझी वाट बघायला नको. वजन दोन ग्रॅम लावलंय. सगळं मिळून नव्या मशीनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. बंड्यानं दिले, मी घेतले. तुम्ही मनीऑर्डर करायचा विचारही करू नका.

आई, आता तुझ्यासाठी एक बातमी, ही दोनदा वाच.

बाबांचा नियम आठवतो? ताटलीच्या कडेला ठिपक्यांच्या ओळी, त्यांच्यावर तो लाल दिवा. ठिपके उभे राहिले की वेग बरोबर. मी लहानपणी त्या ठिपक्यांसमोर पोटावर पडून असायचे, "उभे राहिले!" ओरडायचं काम माझं होतं आणि बंड्याला पाय न आपटता चालायची शिक्षा. संध्याकाळी दिवेलागणीनंतर ठिपके पुढे पळायला लागायचे. मग बाबा नॉब फिरवून त्यांना उभे करायचे, आणि तू आतून म्हणायचीस, "बाईंचा आवाज दमलाय आज." एकदा पेटी आणून लावून दाखवलंस, स्वर दोन पट्ट्यांच्या मधे, काळी चारही नाही नि पांढरी पाचही नाही. बाबा म्हणाले, तुझी पेटी उतरलीय. पेटीवाल्याला बोलावणं गेलं. त्यावरून जे भांडण झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

काकांनी मला उलगडून सांगितलं. तो लाल दिवा घरच्या विजेवर लुकलुकतो. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांची, असली तर ठिपके खरं सांगतात. पण त्या वर्षांत संध्याकाळी ग्रिडवर ताण आला की वीज ४८-४८.५ वर उतरायची. मशीन बरोबरच फिरत असायचं, खोटं बोलायचा दिवा. आणि बाबा दिव्यावर विश्वास ठेवून चांगलं चाललेलं मशीन सावकाश करायचे, गाणं उतरायचं. आई, तुझा कान बरोबर होता. पेटी पण बरोबर होती. आता वीज ५० च्या अगदी जवळ सांभाळतात, ४९.९० ते ५०.०५, त्यामुळे यापुढे ठिपक्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. पण भांडण झालंच तर पेटीचं ऐकायचं.

आजीच्या ७८ च्या रेकॉर्डींचं मी विसरले नाही. आपल्या मशीनला तो वेग नाही, आणि एलपीची सुई त्या रुंद खाचेत चालतही नाही. त्याच कार्ट्रिजला बसणारी ७८ साठीची जाड सुई मिळते. ती घेऊन, रेकॉर्ड ४५ वर वाजवून, कॉम्प्युटरवर वेग वाढवून घेता येतो. चांगल्या आहेत तेवढ्या पुढच्या खेपेला मी इकडे आणते, करून देते. तोवर त्यांना कोणी हात लावायचा नाही, लाखेच्या आहेत, पडल्या की कपबशीसारख्या फुटतात.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघतेय, रात्री पोचेन. ताटली वेगळी, वजन वेगळं, आर्म बांधून, मशीन मांडीवर घेऊनच येणार आहे. स्टेशनवर यायचं नाही. रिक्षा मिळते. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुरे. आई, तेवढ्यासाठी पुरणाचा घाट घालू नकोस. (घातलास तर मी खाईन, पण घालू नकोस.)

मशीन आता खाली गादीजवळ ठेवायचं नाही. सुताराला सांगून ठेवलंय, कमरेच्या उंचीचं जड सागवानी टेबल करतोय, बाबांना वाकायला नको आणि पावलांनी सुई उडायला नको. वर एक छोटा दिवा, शेजारी हातांची खुर्ची. भारतीय बैठकीवर बसूनच गाणं ऐकायचं हा तुमचा हट्ट मला माहीत आहे. ऐका बसून, पण रेकॉर्ड बदलताना उभं राहून. गुडघ्यांना विचारा, ते माझ्या बाजूनं आहेत.

आता थोडं रागावून लिहिते.

रेकॉर्डी पश्चिमेच्या भिंतीच्या कपाटातून मधल्या खोलीत हलवायच्या. जुळे सोलापूरच्या आपल्या घराला मे महिन्यात वरून आणि बाजूनं दोन्हीकडून ऊन असतं, बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात त्या भिंतीला हात लावता येत नाही, आणि तुम्ही तिथे रेकॉर्डी आडव्या रचून ठेवल्यात. उभ्या ठेवा, पुस्तकासारख्या. आई, ओलं फडकं मशीनवर फिरवायचं नाही. सुई बोटानं पुसायची नाही, बाबा, थुंकी लावून तर मुळीच नाही. छोटा ब्रश आणतेय, मागून पुढे एकदाच, उलटा नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत धूळ उडते तेव्हा झाकण लावूनच वाजवायचं. पाणी येतं त्या पहाटे बाबांनी बादल्या उचलायच्या नाहीत. टाकी आहे, मोटार आहे, वरचा पोरगा आहे. हे रेकॉर्डींशी संबंधित नाही, पण सांगून टाकते.

आणि हाताचं. बुधवारी अकराची वेळ घेतलीय, मेंदूच्या डॉक्टरांची. नाव ऐकून घाबरू नका. हात थरथरायला शंभर कारणं असतात. थायरॉइडनं होतं, दम्याच्या पंपानंही होतं, आणि तुमचा पंप तर चालूच आहे. म्हणून सगळी औषधं पिशवीत घालून न्यायची. पंप स्वतःच्या मनानं बंद करायचा नाही, हे मी ठासून लिहितेय, कारण तुम्ही हे वाचता वाचता तेच ठरवलं असणार. मी रविवारपासून बुधवारपर्यंत थांबतेय, सुट्टी टाकलीय, साहेबांशी बोलणं झालंय. नातवाची परीक्षा आहे म्हणून त्याला आणत नाही, तो रडतोय. एरवी मला इतके दिवस यायला जमत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर तुम्ही कधी बोललाही नाहीत. बोलला असतात तर मला जरा सोपं गेलं असतं.

वय झालं असं कोणी म्हणत नाहीये, बाबा. म्हणणार असतो तर तुम्हाला नवं, सगळं आपोआप करणारं, रिमोटवालं काहीतरी आणून बसवलं असतं. रेकॉर्ड कव्हरातून काढायची, दोन्ही तळव्यांनी कडेला धरायची, फुंकर मारायची आणि सुई तुम्हीच उतरवायची, असं मशीन परत आणतेय मी.

पहिली रेकॉर्ड कोणती लावायची ते आई ठरवेल. ठरल्याप्रमाणे.

तुमची,
अक्की

ता. क. आई, बंड्याचा फोन आला तर "खूप आवडलं असतं रे ते मशीन" असं म्हण. नुसतं "बरं झालं" म्हणू नकोस. त्याचं मन मोडलंय जरा. आणि नव्या पेठेतल्या त्या दुकानातून येताना प्लॅस्टिकची आतली पाकिटं मिळाली तर घेऊन ठेवा, बारा इंचाची, पन्नास. महाग सांगितली तर राहू द्या, मी इथून आणते.