आकडा हळू सांगा

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आलाय. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी पुन्हा तुमच्या पहिल्या पानावर येईल, आणि ती यायलाच हवी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत पोराटोरांनाही पाठ आहे. मला बोलायचंय ते हे आकडे ऑफिसात कसे बोलले जातात त्याबद्दल.

मी एका पतसंस्थेत बावीस वर्षं नोकरी करते. आमचा कॅशियर नदीकाठच्या सांगलीवाडीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तो म्हाताऱ्या वडिलांना घेऊन दोन रात्री गच्चीवर होता. दोन म्हशी दावणीलाच गेल्या. दावं सोडायला त्याला खाली उतरता आलं नाही. हे त्यानं आपणहून सांगितलेलं नाही. आम्हीच खोदून खोदून विचारलं, जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडे असताना.

गेल्या पावसाळ्यात एकजण मोबाईल बघून ओरडत होता, "अडतीस... एकोणचाळीस झालं बघा!" जणू क्रिकेटचा स्कोअर. कॅशियर पाचशेचं एकच बंडल पुन्हा पुन्हा मोजत होता. तिसऱ्यांदा मोजून रबर लावायला गेला, तर ते बोटातून सुटून खाली पडलं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "किती वर्षं झाली, अजून तेच?" आणि मी, धीर द्यायचा म्हणून, "माणसं वाचली ना, मग झालं तर!" असं बोलून गेले. त्यानं मान खाली घातली. ते वाक्य मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याला एकट्याला गाठून माफी मागितली आणि आम्ही काय करावं ते विचारलं. मला वाटलं होतं, पुराचा विषयच काढू नका म्हणेल. तो म्हणाला, "मॅडम, आकडा लपवू नका, मग जास्त भीती वाटते. फक्त जवळ येऊन हळू सांगा. आणि रस्ता बंद व्हायच्या आत मला सोडा."

आता पाणी वाढायला लागलं की तो लवकर निघतो, कॅश मी जुळवते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर नोटीस बोर्डावर लावलाय. मराठीतही बोलता येतं. त्याच्या हातात मुद्दाम चिठ्ठी दिली नाही. फोन करायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

नदीकाठची माणसं कामाला असलेल्या प्रत्येक बँकेतल्या, शाळेतल्या, दुकानातल्या वरिष्ठांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिला मोठा पाऊस पडायच्या आत त्यांना एकेकट्याला विचारून ठेवा: पाणी वाढलं तर तुला किती वाजता निघायचंय?

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली