बॅलन्स शीट जुळली म्हणून पेपर बरोबर आला, असं नसतं

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. फोनवर तुझं आपलं "हो पप्पा, चाललाय अभ्यास, ठेवू का" एवढ्यावरच आटपतं म्हणून हे टाईप करून पाठवतोय, निवांत वाच. यार्डात गुळाचा सीझन जोरात आहे, सकाळचे सौदे, मग हिशोबाच्या पट्ट्या, मग पेमेंट, दुकान सुटेपर्यंत डोकं वर काढायला मिळत नाही, त्यामुळे रात्री जेवून झाल्यावर लिहायला बसलोय आणि जरा लांबड लागली तर चालवून घे.

गेल्या रविवारी मामाकडं आलो तेव्हा तुझा बारावीच्या अकाउंट्सच्या सराव पेपरांचा संच चाळला. जवळजवळ सगळा संपवलायस, पानापानावर लाल पेनानं टिक, बघून कुणालाही वाटेल पोरगं बोर्डात झेंडा लावणार. पण उत्तरांचं पुस्तक शेजारीच उघडं होतं की रं. मी बसलो होतो तेवढ्या वेळात तू एक डिझोल्यूशनचं, म्हणजे भागीदारी मोडल्याचं, गणित सोडवलंस, रिअलायझेशन अकाउंटला अडलास की मान तिकडं, "हां हां, हे येतंय मला" आणि पुढं. मामासमोर बोललो नाही, पण याला पेपर सोडवणं म्हणत नाहीत. हे झालं वाचन. वाचताना सगळं येतंच रे, कारण पुढची ओळ समोर छापलेली असते. अडलास त्या जागी पाच मिनिटं तसाच अडून बसला असतास, डोकं खाजवलं असतंस, चुकीचं का होईना काहीतरी लिहिलं असतंस, तर नेमकं काय येत नाही ते तुझं तुलाच कळलं असतं. सराव पेपर त्याच्यासाठीच असतो, नाहीतर पाठ्यपुस्तक वाईट होतं का?

आता मुद्द्याचं. तू मला कौतुकानं दाखवलंस, "पप्पा फायनल अकाउंट्सचं गणित, बॅलन्स शीट एका झटक्यात टॅली." टॅली झाली, म्हणजे भांडवल-देणी आणि मालमत्ता ह्या दोन्ही बाजूंची बेरीज जुळली, म्हणून तू टिक मारून मोकळा. मी त्या पानाचा फोटो काढून आणला होता आणि रात्री बसून तपासला. डेटर्स, म्हणजे गिऱ्हाइकांकडून येणं, ४०,०००, ट्रायल बॅलन्समध्ये, म्हणजे खात्यांच्या बाक्यांच्या यादीत, बॅड डेट्स, म्हणजे बुडालेली उधारी, ६०० आणि जुना आर.डी.डी., म्हणजे बुडेल म्हणून आधीच बाजूला धरलेली रक्कम, १,५००. खाली ॲडजस्टमेंट, म्हणजे वर्षअखेरची दुरुस्ती, अशी की आणखी १,००० बॅड डेट्स काढा आणि डेटर्सवर ५ टक्के आर.डी.डी. ठेवा. तू ४०,००० चे ५ टक्के धरलेस, म्हणजे २,०००. अरे, आधी ते बुडालेले १,००० वजा कर की, मग उरलेल्या ३९,००० चे ५ टक्के, म्हणजे १,९५०. पी अँड एलला, म्हणजे नफा-तोट्याला, ६०० अधिक १,००० अधिक १,९५० आणि त्यातून जुने १,५०० वजा, असे २,०५० जायला पाहिजेत, तुझे गेलेत २,१००. आणि बॅलन्स शीटला डेटर्स ३७,०५० पाहिजेत तिथं तू ३७,००० दाखवलेत.

आणि तरी जुळली! का जुळली बघ, तुझा नफा ५० नं कमी आला म्हणून भांडवलाच्या बाजूला ५० कमी, आणि डेटर्स पण ५० नंच कमी म्हणून मालमत्तेच्या बाजूला पण ५० कमी. दोन्ही पारडी सारखीच खाली. ह्याच गणितात ६०,००० ची मशिनरी १ ऑक्टोबरला घेतलेली, वर्ष संपतंय ३१ मार्चला, घसारा १० टक्के. तू अख्ख्या वर्षाचे ६,००० लावलेस, लागतात सहा महिन्यांचे ३,०००. इथं पण दोन्हीकडं सारखाच फरक, म्हणून इथं पण जुळलं. एवढंच काय, एखादी ॲडजस्टमेंट तू मुळापासूनच विसरलास, म्हणजे तिचा एकही परिणाम कुठं दिला नाहीस, तरी बॅलन्स शीट गुमान जुळते. न जुळल्यावर काहीतरी चुकलंय हे नक्की कळतं, पण जुळल्यावर सगळं बरोबर आहे हे काही कळत नाही. त्यामुळं जुळली की टिक, ही सवय आजपासून बंद कर. उत्तरांच्या पुस्तकातला ग्रॉस प्रॉफिट, नेट प्रॉफिट आणि मग बॅलन्स शीटची बेरीज, असं तिन्ही ताडून बघायचं, आणि त्यातलं एक जरी वेगळं आलं तरी उत्तराची बाकीची पानं बघायच्या आधी स्वतः शोधायचं कुठं घसरलो ते.

त्यासाठी एक सोपी युक्ती सांगतो. कच्च्या कामाच्या पानावर ॲडजस्टमेंटचे नुसते नंबर लिहायचे, एकाखाली एक, आणि प्रत्येकीचे निदान दोन ठिकाणी परिणाम असतात, त्यातला पहिला दिला की एक टिक, दुसरा दिला की दुसरी. शेवटी एकच टिक असलेला नंबर दिसला की तिथंच घोळ आहे. फ्री सॅम्पल वाटलेला माल, आगीत जळालेला माल आणि विमा कंपनीनं मान्य केलेला क्लेम, भागीदाराच्या उचलीवरचं व्याज, ह्यातच पोरं गंडतात. उचलीची तारीख दिलेली नसेल तर व्याज सरासरी सहा महिन्यांचं धरायचं, हे तुला माहीत आहे, पण तिसऱ्या पेपरात तू वर्षाचं धरलंयस, बघून घे.

आता उलटी बाजू. जुळली नाही की तू काय करतोस हे पण मला दिसलं, दोन पानं नुसती खाडाखोड. मी पेढीवर नवीन लागलो तेव्हा आमच्या जुन्या दिवाणजींनी शिकवलेलं सांगतो, रोजमेळ जुळेना की आम्ही आजही हेच करतो. समज फरक आला १,८०० चा. पहिल्यांदा बरोबर १,८०० चाच आकडा कुठं आहे का बघ, तो एकाच ठिकाणी लिहून दुसरीकडं द्यायचा राहिला असेल. नसेल तर त्याचा निम्मा, म्हणजे ९०० चा आकडा शोध, तो चुकीच्या बाजूला बसला असेल, डेबिटचं क्रेडिटला, कारण चुकीच्या बाजूला गेलेला आकडा दुप्पट फरक पाडतो. तो पण नसेल तर फरकाला ९ नं भागून बघ, पूर्ण भाग गेला तर आकडे उलटसुलट लिहिल्याचा संशय घ्यायचा, ५,३०० च्या जागी ३,५०० असं काहीतरी. ह्या तीन नजरा टाकायला पाच मिनिटं पुष्कळ झाली. तेवढ्यात सापडलं तर सापडलं, नाहीतर सोड आणि पुढचा प्रश्न घे, मार्क पायरीपायरीला असतात, वर्किंग नोट्सला असतात, एका न जुळलेल्या बेरजेपायी पुढचा दहा मार्कांचा प्रश्न कोरा ठेवणारा माणूस मला तरी शहाणा वाटत नाही. आणि काही झालं तरी जुळवण्यासाठी मनानंच आकडा घुसडू नकोस, तपासणाऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसतं!

वेळेचं पण तू धरतच नाहीस. लेखी पेपर ८० मार्कांचा आणि तीन तास, म्हणजे एका मार्काला सव्वादोन मिनिटं. दहा मार्कांच्या गणिताला साडेबावीस मिनिटं झाली, आणि त्यात रेघा मारणं पण आलं बरं का. तीन भागीदारांचं कॅपिटल अकाउंट म्हटलं की डेबिटला तीन आणि क्रेडिटला तीन रकाने, तू ते आखेपर्यंतच माझा चहा संपला होता. सरावात तू पाठकोऱ्या कागदावर रेघा न मारता नुसते आकडे उतरवतोस, जर्नल एंट्रीखाली नॅरेशन, म्हणजे नोंद कशाची ते सांगणारी ओळ, लिहीत नाहीस, आणि मग म्हणतोस दीड तासात पेपर झाला. असा पेपर तर मी पण करीन दीड तासात. पट्टी, पेन्सिल, पूर्ण फॉरमॅट, तारखा, नॅरेशन, सगळं खऱ्यासारखं लिहून किती वेळ लागतो ते एकदा बघ, मग आपण बोलू.

बोर्डाचा पेपर सकाळी ११ ला असतो आणि तू सगळे पेपर सोडवतोस रात्री ११ ला. हे पटत नाही मला. निदान सुट्टीच्या दिवशी तरी ११ ला बस, मोबाईल मामीकडं दे, दोनला उठ, मधे पाण्याशिवाय काही नाही. शेवटी बोर्ड दहा मिनिटं जादा देतंय अलीकडं, पण ती हिशोबात धरूच नकोस, ती पुरवण्या बांधायला आणि राहिलेली नॅरेशन्स भरायला जातात.

पहिल्या प्रश्नाचे वीस मार्क ऑब्जेक्टिव्हचे, त्यासाठी अख्खा पेपर घेऊन बसायची गरज नाही, कॉलेजला जाता येता केएमटीच्या बसमध्ये बसल्या बसल्या होईल. भागीदारीचा करार नसेल तर १९३२ च्या कायद्यानं नफा सारखा वाटायचा, भांडवलावर व्याज नाही, पगार नाही, पण भागीदारानं फर्मला कर्ज दिलं असेल तर त्यावर ६ टक्के. हे फिरवून फिरवून विचारतात. बिलाची, म्हणजे हुंडीची, ड्यू डेट काढताना तीन दिवस ग्रेसचे धर, आणि नंतर सुट्टी बघ, २३ नोव्हेंबरचं दोन महिन्यांचं बिल २६ जानेवारीला पडतं म्हणून ते २५ ला देय होतं. असली पाचपन्नास वाक्यं तोंडात बसली की वीसातले सतरा-अठरा कुठं जात नाहीत.

पेपर कुठले सोडवायचे, तर बाजारातल्या संचांच्या आधी बोर्डाचे खरे पेपर संपव. नवं पुस्तक २०२०-२१ ला आलं आणि २०२१ ची मुख्य परीक्षा कोविडमुळं झालीच नाही, म्हणून २०२२ पासूनचेच घे, त्याच्या आधीचे पेपर कुणी फुकट दिले तरी नको. आणि फेब्रुवारी-मार्चचेच नाही, पुरवणी परीक्षेचे पण असतात की, ते पोरं विसरतात, त्यामुळं ते तुला एकदम कोरे मिळतील. संचातली छापील उत्तरं पण कधीकधी चुकीची असतात, दोनदा तपासून पण तुझंच उत्तर ठाम येत असेल तर सरांना दाखव, लाजू नकोस, सरांना पण बरं वाटतं असलं कुणी विचारलं की.

तपासून झाल्यावर काय करायचं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि तिथंच तू कंटाळा करतोस. नुसतं "८० पैकी ५४" लिहून पान उलटायचं नाही. गेलेल्या २६ मार्कांतला एकेक मार्क कशानं गेला ते एका वहीत लिही. काही मार्क माहीतच नसल्यामुळं गेले असतील, तिथं परत पुस्तक उघड, त्याला दुसरा इलाज नाही. काही माहीत असून प्रश्न नीट वाचला नाही म्हणून, ते "१ ऑक्टोबर" सारखं. काही साध्या बेरजेत, काही वेळ पुरला नाही म्हणून. तुझे पेपर बघून मला वाटतं तुझं न वाचल्यामुळंच जास्त जातंय, बुडीत कर्ज असो नाहीतर घसारा, कन्सेप्ट तुला येतातच, पण मी म्हणतोय म्हणून मानू नकोस, वही काय म्हणते ते बघ. आणि चुकलेलं गणित तेव्हाच दुरुस्त करून सोडू नकोस, चार-पाच दिवसांनी, उत्तर डोक्यातून गेल्यावर, कोऱ्या कागदावर परत कर. नवीन दहा पेपर करण्यापेक्षा चुकलेली गणितं परत केलेली मी कधीही पसंत करीन, तुझ्या मामाला हे पटत नाही, त्याचं आपलं संच किती झाले, संच किती झाले. त्याला ऐकवू नकोस, पण ऐकू पण नकोस.

प्रिलिमचे मार्क कमी आले तर आईला मी सांगतो, ती माझी जबाबदारी. तिथं चुका करूनच घे की.

मी रविवारी येतोय. २०२३ च्या पुरवणीचा पेपर प्रिंट काढून आणतो, तू अजून बघितलेला नाहीस ना, मग नेटवर पण बघू नकोस. ११ ला बसायचं, फुलस्केप कागद आणि पट्टी तयार ठेव. उत्तरांचं पुस्तक आजच मामीकडं दे, मी तिला सांगितलंय, ती तिजोरीच्या कपाटात ठेवणार आहे आणि मागितलंस तरी देणार नाही. तपासायचं मी करतो, तोवर तू मामाबरोबर जाऊन मटण आण.

आई विचारतेय, भडंग संपलं का, अजून पाठवू?

तुझा,
पप्पा