लघु तलावांच्या दुरुस्तीचा निधी दसऱ्यापूर्वी मंजूर व्हावा

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
मृद व जलसंधारण विभाग, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : पुरात नुकसान झालेल्या लघु पाटबंधारे तलावांच्या दुरुस्तीसाठी निधीची तरतूद

महोदय,

सविनय नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावच्या साठवण तलावाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारी वाट, गेल्या वर्षीच्या पुरात खचला, त्याला लागून असलेला धरणाचा मातीचा भराव वाहून गेला आणि पाण्याकडील उतारावरचे दगडी पिचिंग, म्हणजे भरावाची धूप रोखणारे दगडी अस्तर, बऱ्याच लांबीत घसरले. धोका नको म्हणून तलाव रिकामा करण्यात आला, आणि तो निर्णय योग्यच होता. पंचनामा व अंदाजपत्रक स्वतंत्र निवेदनासोबत सादर केले आहे. तरीही हे पत्र खुले लिहीत आहे, कारण दुरुस्ती करायला हवी याबद्दल कुणाचेही दुमत नाही; ती कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातील कोणत्या खर्चाच्या सदरातून, करावी एवढ्याच प्रश्नावर प्रस्ताव अडला आहे, आणि ही अडचण आमच्या एका गावापुरती नाही.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो आणि जांभ्या खडकातून व तीव्र उतारावरून पाहता पाहता खाडीला जाऊन मिळतो. म्हणून एवढ्या पावसाच्या मुलखात मार्चपासून टँकरची वाट पाहावी लागते. तलाव भरलेला असला की खालच्या विहिरींना पाझर राहतो, नळपाणी योजनेच्या विहिरीला पाणी टिकते आणि भाजीपाला व उन्हाळी पिके निघतात. यंदा यातले काहीच झाले नाही. वाडीवरच्या बायकांनी पाण्यासाठी किती पायपीट केली, हे कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

आता निधीविषयी. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत लहान तलावांच्या दुरुस्तीला जागा आहे, पण ती तातडीच्या आणि पूर्वस्थितीत आणण्याच्या कामापुरती. आमचा सांडवा पुराचा विसर्ग पेलू शकला नाही म्हणूनच खचला. तो होता तेवढ्याच रुंदीचा पुन्हा बांधणे म्हणजे पुढच्या पुरासाठी तोच धोका शासकीय खर्चाने उभा करणे होय. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले तर भराव टिकत नाही, हे आपल्या विभागातील प्रत्येक अभियंत्याला ठाऊक आहे. सांडवा रुंद करायचा म्हटला की काम सुधारणेत जाते, आणि सुधारणेसाठी दुसरीकडे बोट दाखवले जाते. जिल्हा परिषदेकडील देखभालीची रक्कम गळती बुजवण्यापलीकडे पुरत नाही. ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या बंधित निधीतून वाटा उचलावा असेही सुचवले गेले. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी राखलेला होता हे खरे, परंतु लहान ग्रामपंचायतीच्या वाट्याला येणाऱ्या रकमेतून नळपाणी योजना चालवून धरणाचा सांडवा बांधता येत नाही.

मला सर्वांत अन्यायकारक वाटणारी गोष्ट वेगळी आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ ने धरणाच्या मालकावर देखभाल व दुरुस्तीसाठी पुरेसा निधी राखून ठेवण्याची जबाबदारी टाकली. मात्र हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी ठरावीक अटींत बसणाऱ्यांनाच लागू होतो. त्याहून लहान धरणांना ते संरक्षण नाही. या धरणांखालीही वाड्या आहेत. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसच्या वर माणसे गेली. त्या धरणाच्या गळतीकडे ग्रामस्थांनी आधीच लक्ष वेधले होते. त्या रात्रीनंतर आमच्या जिल्ह्यात धरणाखाली राहणारी माणसे मोठा पाऊस लागला की झोपत नाहीत, आणि आपण मंत्री म्हणून हे जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

निधीइतकेच महत्त्व वेळेला आहे. कोकणात मातीकाम करण्याचा हंगाम पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत असतो. भराव थराथराने टाकून, योग्य ओलाव्यावर दाबून, प्रत्येक थराची घनता तपासूनच पुढे जायचे असते. भरावाच्या मधल्या, पाणी अडवणाऱ्या गाभ्यासाठी लागणारी चिकण माती जांभ्याच्या मुलखात सहज मिळत नाही, ती शोधून आणावी लागते. प्रशासकीय मान्यता मार्चमध्ये आली तर निविदा होईपर्यंत मे उजाडतो, मग एक तर काम घाईत उरकले जाते किंवा वर्ष वाया जाते. घाईत टाकलेला भराव हा न टाकलेल्या भरावापेक्षा अधिक घातक, कारण त्याच्या भरवशावर तलाव पुन्हा भरला जातो.

म्हणून आपणांस विनंती आहे की पुरात नुकसान झालेल्या लघु तलावांसाठी एकच लेखाशीर्ष ठरवून त्यात दुरुस्ती, सांडव्याची क्षमतावाढ आणि माती परीक्षण या तिन्हींचा खर्च धरावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्य आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीतील ३० टक्के रक्कम पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीला आणि २० टक्के सौम्यीकरणाला, म्हणजे पुढच्या आपत्तीचा धोका आधीच कमी करण्याच्या कामांना, दिली होती. ‘होते तसे’ आणि ‘सुधारून’ हा वाद मिटवण्याचा मार्ग या विभागणीत आधीच दिसतो. त्याच तत्त्वावर राज्याने आपला हिस्सा घालावा आणि उरलेल्या रकमेसाठी नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीतून कर्ज घ्यावे. ग्रामपंचायतीकडे लोकवर्गणी मागू नये. आम्ही श्रमदान करू, तलावातला गाळ शेतात नेऊ, भरावावरची झुडपे दरवर्षी काढू. पण सांडव्याचे काँक्रीट हे शासनाचेच काम आहे.

प्रशासकीय मान्यता दसऱ्यापूर्वी मिळावी आणि निधी हप्त्याहप्त्याने अडू नये, यासाठी पूर्ण रक्कम एकदम वितरित व्हावी. तोवर तलावाखालील वाड्यांसाठी टँकरची तरतूद आत्ताच करून ठेवावी, आणि काम पूर्ण झाल्यावर त्रयस्थ तांत्रिक तपासणीचा अहवाल ग्रामसभेसमोर ठेवण्याचा आदेश त्याच मान्यतेत नमूद करावा.

आपला विश्वासू,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक शेतकरी व ग्रामसभा सदस्य