टीव्हीचा सुटा भाग नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : ४३ इंची एलईडी टीव्हीचे चुकीचे निदान आणि बॅकलाइटची पट्टी देण्यास नकार

महोदय,

आमच्या टीव्हीचा आवाज येतो, चित्र दिसत नाही. वॉरंटी संपली आहे, ते मान्य. फुकट काही मागत नाही.

तुमच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस आला. मागचं झाकण उघडणं दूरच, त्याने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हरसुद्धा काढला नाही. रिमोट दाबून पाहिला, ‘पॅनल गेलं’ म्हणाला, व्हिजिट चार्ज घेतला आणि मोबाइलवर एक्सचेंज ऑफर दाखवायला लागला. ‘काका, पॅनलच्या पैशात थोडे घातले की नवीन टीव्हीच येतो.’ जॉबशीटवर मात्र ‘पार्ट उपलब्ध नाही’ एवढंच लिहिलंय. कोणता पार्ट, ते नाही. प्रत सोबत जोडली आहे.

मी गिरगावात राहतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड जवळच. तिथल्या एका कारागिराला घरी आणलं. त्याने खोलीतला दिवा मालवला, टीव्ही लावला आणि स्क्रीनवर अगदी जवळून तिरपा टॉर्च मारला. उजेडाच्या त्या गोलात निवेदिकेचा चेहरा, खाली सरकणाऱ्या बातम्या, सगळं पुसट पण स्पष्ट ओळखू येत होतं. पॅनल शाबूत आहे, मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, तेवढा गेलाय. पट्टीवरचे एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात, एक उडाला की अख्खी माळ विझते. बाजारात दुसरी पट्टी मिळते, पण तिच्यावरच्या भिंगांचं अंतर जुळलं नाही तर पडद्यावर उजेडाचे डाग पडतात. म्हणून ओरिजिनल हवी. ती मागायला गेलो तर सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘आम्ही सुटे पार्ट विकत नाही.’

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या टीव्हीच्या रिसायकलिंगची जबाबदारी त्यात उत्पादकावर आहे, आणि तुमच्या वेबसाइटवर त्याचं हिरवंगार पानही आहे. पण धडधाकट पॅनल भंगारात काढायला लावून वर पर्यावरणाच्या गप्पा मारायच्या, हे काही पटत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, ते कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला द्यावी म्हणूनच ना?

माझ्या मॉडेलच्या बॅकलाइट पट्ट्यांचा पार्ट नंबर आणि किंमत कळवा, मी पैसे भरून घेऊन जाईन. झाकण न उघडता घेतलेला व्हिजिट चार्ज परत करा. पट्ट्या खरोखरच नसतील, तर कधीपासून बंद केल्या ते कंपनीच्या लेटरहेडवर द्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती तक्रार मला राहत्या ठिकाणीच करता येते, तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

उत्तर लेखीच पाठवा. फोनवर पुन्हा एक्सचेंज ऑफरच ऐकावी लागते.

आपला ग्राहक,
गिरगाव, मुंबई

सोबत : खरेदीची पावती, जॉबशीटची प्रत, टॉर्चच्या उजेडात काढलेला फोटो